फ्लॅट बायकोच्या नावावर, भाडं तिच्या खात्यात, मग कर माझ्या पगारावर का?

घोडबंदरकर | २२ ऑगस्ट २०२५, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. रिटर्नची मुदत यंदा ३१ जुलैवरून १५ सप्टेंबर झाली म्हणून मी आपला निवांत होतो. आज सीएकडे जाऊन आलो आणि निवांतपणा संपला.

झालं असं. २०२३ च्या दसऱ्याच्या सुमारास कासारवडवलीला एक वन बीएचके घेतला, साठ लाखांना. माझा लग्नाआधीचा डोंबिवलीचा फ्लॅट विकला, वर बोनस आणि थोडी मोडलेली एफडी. कर्ज नाही. बाईच्या एकटीच्या नावावर घर घेतलं की महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, म्हणून करारनामा फक्त बायकोच्या नावावर केला. साठ हजार वाचले. त्या साठ हजारांत भाडेकरूसाठी ग्रिल, गिझर आणि स्वयंपाकघराच्या ट्रॉल्या झाल्या.

बायको गृहिणी आहे. भाडं महिना २२ हजार, नोव्हेंबर २०२३ पासून तिच्याच खात्यात येतं. मागच्या वर्षी तिचं वेगळं रिटर्न मीच भरलं, कर शून्य. मी मनात खूश.

आज सीए म्हणतो, हे भाडं तुमच्या उत्पन्नात धरायचं. क्लबिंग. मी तीस टक्क्यांत. त्याने पाठकोऱ्या कागदावर हिशोब करून दाखवला: वर्षाचं भाडं २,६४,०००, त्यातून महापालिकेचा मालमत्ता कर ६,००० वजा, उरले २,५८,०००. त्यावर तीस टक्के सरसकट वजावट, राहिले १,८०,६००. त्याचा तीस टक्के कर ५४,१८०, वर चार टक्के सेस, एकूण ५६,३४७ रुपये.

सातबारा म्हणा, इंडेक्स टू म्हणा, सगळीकडे नाव तिचं. बँक खातं तिचं, पॅन तिचा. मग उत्पन्न माझं कसं? हा सीए जरा जास्तच घाबरट आहे की खरंच असा कायदा आहे? कोणाला अनुभव?

तलावपाळीचा_टवाळ | रात्री १०:५२

नाव तिचं, पैसा तुमचा, कर तुमचा. आमच्याकडे सगळंच असं चालतं, फक्त आम्ही धागा काढत नाही.

निवृत्त_रोखपाल | रात्री ११:१५

घोडबंदरकर, सीए बरोबर सांगतोय. आणि फ्लॅटला सातबारा नसतो हो.

ऐरोली_नाइटशिफ्ट | रात्री ११:३१

पण नवराबायकोत गिफ्ट करमुक्त असतं ना? मी तर तसंच वाचलंय. गिफ्ट करमुक्त, तर त्याच्या भाड्यावर कर कसा?

करनाटक | २३ ऑगस्ट, सकाळी ७:१०

नौपाड्यात प्रॅक्टिस करतो, या दिवसांत हा प्रश्न दिवसाला दोनदा येतो.

ऐरोली, तुमचा गोंधळ सगळ्यांचाच असतो. गिफ्ट आणि गिफ्टमधून येणारं उत्पन्न या दोन वेगळ्या गोष्टी. नवऱ्याने बायकोला साठ लाख दिले तर त्या साठ लाखांवर बायकोला कर नाही, कारण नवरा 'नातेवाईक'. पण त्या साठ लाखांतून पुढे जे भाडं, व्याज, लाभांश येईल ते नवऱ्याच्या उत्पन्नात धरायचं. आयकर कायदा १९६१, कलम ६४. झाड दिलंत, त्याला कोणी अडवत नाही. आंबे मात्र तुमच्या टोपलीत मोजले जातात.

घर थेट बक्षीसपत्राने बायकोला दिलं असतं तर कलम २७ प्रमाणे कायद्याने तुम्हालाच मालक मानलं असतं. इथे तुम्ही पैसे दिले आणि त्यातून तिने घर घेतलं, म्हणून कलम ६४. वाट वेगळी, टोलनाका एकच.

फ्लॅट उद्या विकला तर नफासुद्धा तुमच्याच हातात धरला जाईल. हेही आत्ताच ऐकून ठेवा.

तलावपाळीचा_टवाळ | सकाळी ७:२५

मुलुंडचा टोल माफ झाला, हा कधी होणार?

प्राची_खारघर | सकाळी ९:०४

सगळे 'नवऱ्याने बायकोला दिलं तर' असंच गृहीत धरून बोलताय म्हणून लिहिते. आमच्याकडे उलटं आहे. मी बेलापूरला नोकरी करते. नवऱ्याने २०२२ मध्ये नोकरी सोडून दुकान टाकलं, भांडवल १२ लाख, त्यातले ९ लाख माझ्या पगारातून साठवलेले. आमच्या सीएने पहिल्याच वर्षी सांगितलं की दुकानाच्या नफ्यातला पाऊण हिस्सा तुमच्या रिटर्नमध्ये येणार.

गंमत अशी की नातेवाइकांत 'त्याचं दुकान छान चाललंय' आणि कर भरते मी. पहिल्या वर्षी तोटा झाला होता, तो तोटाही पाऊण माझ्या रिटर्नमध्ये आला. पगारातून वळता होत नाही म्हणे, नुसता पुढे ओढायचा. तेव्हा मात्र कोणी विचारलं नाही की तोटा कोणाचा.

करनाटक | सकाळी ९:३०

प्राचीताई, तुमचा सीए चोख आहे, सोडू नका. कायद्यात 'पती किंवा पत्नी' असंच आहे, दोघांना सारखं. 'उत्पन्न' म्हणजे तोटासुद्धा, हेही तिथेच लिहिलंय.

तलावपाळीचा_टवाळ | सकाळी ९:३३

म्हणजे मी दिलेल्या पैशातून बायकोने तिच्या डीमॅटमध्ये शेअर घेऊन ऐंशी हजार घालवले, ते माझे?

करनाटक | सकाळी ९:३६

हो. तुमचा भांडवली नफा असेल तर त्यातून वळते होतील. आणि नफ्याच्या बाजूला, दीर्घकालीन नफ्यातली सव्वा लाखाची सूट तिला वेगळी मिळणार नाही, कारण नफाही तुमचाच.

तलावपाळीचा_टवाळ | सकाळी ९:३८

बायकोला आत्ता सांगितलं. 'बघ, तुझं काहीच गेलं नाही' म्हणाली.

निवृत्त_रोखपाल | सकाळी ११:२०

माझी फजिती सांगतो, म्हणजे इतर आजोबा शहाणे होतील.

बँकेत चौतीस वर्षं काढली, एफडीच्या पावत्या लिहून बोटं झिजली. निवृत्त झाल्यावर नातवाच्या, म्हणजे मुलीच्या मुलाच्या, नावाने पाच लाखांची एफडी केली. तो नऊ वर्षांचा. पैसे माझे, कष्टाचे, वर कर भरलेले. माझा समज असा की आजोबांनी दिले, आईबापांनी नाही, मग क्लबिंग कसलं?

जूनमध्ये मुलीचा फोन. "बाबा, आयकर खात्याच्या वार्षिक माहितीपत्रात पस्तीस हजार व्याज दिसतंय, हे कुठून आलं?" अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलाचं उत्पन्न आईबापांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्या माथी. पैसे कोणी दिले याला काही अर्थ नाही! मुलगी जावयापेक्षा जास्त कमावते, त्यामुळे ती अडकली. जावई हसत होता. मी नातवाला खाऊ दिला आणि बिल मुलीला गेलं.

जन्मभर काउंटरच्या आत बसून मला हे माहीत नव्हतं. आम्ही फॉर्मवर पालकाची सही घ्यायचो आणि शिक्का मारायचो, बस.

वागळे_वर्कशॉप | सकाळी ११:५८

त्यात मुलामागे १,५०० रुपये सूट मिळते ना?

करनाटक | दुपारी १२:१५

जुन्या करपद्धतीत मिळते, नव्या पद्धतीत नाही. आणि १,५०० हा आकडा इतका जुना आहे की हल्ली एवढ्या पैशांत मुलाची दप्तर-बाटलीसुद्धा येत नाही.

काका, एवढं मनाला लावून घेऊ नका. मुलगा अठराचा झाला की त्या दिवसापासून त्याचं त्याचं. आणि सुकन्या समृद्धी किंवा पीपीएफमध्ये असतं तर व्याजच करमुक्त, मग कोणाच्याही उत्पन्नात धरा, काय फरक पडतो? बायकोच्या पीपीएफमध्ये नवऱ्याने पैसे भरले तरी तसंच.

मेधा_नेरूळ | दुपारी १:४०

अवांतर: माझी भाची आठ वर्षांची आहे, एका मालिकेत काम करते, शूटिंग घोडबंदरलाच. तिचं मानधनही वहिनीच्या उत्पन्नात धरायचं का?

करनाटक | दुपारी २:०५

नाही. मुलाने स्वतःच्या अंगच्या कलेवर, कौशल्यावर किंवा अंगमेहनतीवर मिळवलेलं उत्पन्न त्याचंच, त्याचं वेगळं रिटर्न. पण मानधन बँकेत ठेवून त्यावर व्याज आलं की ते व्याज पुन्हा आईबापांकडे. बँकेत पैसे पडून राहण्यात कला नाही, असं कायद्याचं मत. अपंगत्व असलेल्या मुलांचं उत्पन्नही क्लब होत नाही. कलम ८०यू मधलं अपंगत्व हवं.

वागळे_वर्कशॉप | दुपारी ३:३०

आता माझं ऐका. वागळे इस्टेटमध्ये छोटं वर्कशॉप आहे, आठ माणसं. बायको बारा वर्षं माझ्याबरोबर आहे. सकाळी नऊला शटर उघडताना ती असते. चलन, जीएसटीची बिलं, पार्टीला फोन, कामगारांची हजेरी, सगळं ती बघते. महिना २५ हजार पगार दाखवतो. गेल्या वर्षी नव्या सीएने सांगितलं, हा पगार तुमच्यात क्लब करू. का? तर तिच्याकडे 'तांत्रिक किंवा व्यावसायिक पात्रता' नाही. बीए मराठी आहे ती.

उद्या तिच्या जागी बाहेरचा माणूस ठेवला तर ३५ हजार देऊन तीन महिन्यांत पळून जाईल. त्याचा पगार खर्चात चालतो. बायकोचा चालत नाही. हा कुठला न्याय?

सुमती_सीवूड्स | दुपारी ३:५२

वागळे, तुमच्या बायकोच्या वतीने विचारते. ते २५ हजार खरंच तिच्या खात्यात जातात की फक्त वहीत?

वागळे_वर्कशॉप | दुपारी ४:१०

जातात. (मग घरखर्चाला निघतात, ते सोडा.)

करनाटक | दुपारी ५:४५

थोडं शांतपणे घेऊ. ज्या धंद्यात तुमचा भरीव हिस्सा आहे, म्हणजे नातेवाइकांसह वीस टक्के किंवा जास्त, तिथून पती-पत्नीला पगार, कमिशन, फी मिळाली तर ती तुमच्या उत्पन्नात. अपवाद एकच: तिच्याकडे तांत्रिक वा व्यावसायिक पात्रता हवी, आणि ते उत्पन्न निव्वळ त्या ज्ञानामुळे-अनुभवामुळे मिळालेलं हवं.

आता 'पात्रता' म्हणजे काय यावर भांडण जुनं आहे. आंध्र प्रदेश हायकोर्टाने बट्टा कल्याणी प्रकरणात म्हटलंय की विद्यापीठाची पदवीच हवी असं नाही. त्यामुळे बारा वर्षांचा हिशोबाचा अनुभव ही बाजू मांडता येते. पण बाजू मांडता येते म्हणजे नोटीस येणार नाही असं नाही. तुमच्या सीएने सुरक्षित रस्ता धरलाय. मी असतो तर तिची कामाची वही, ईमेल, सह्या केलेली चलनं सगळं फाइल करून ठेवलं असतं आणि मग तिच्याच रिटर्नमध्ये दाखवलं असतं. दोन सीए, तीन मतं.

सुमती_सीवूड्स | संध्याकाळी ६:३०

मला या सगळ्या धाग्यात एक गोष्ट खटकते. बायकोच्या नावावर काही असलं की पहिला संशय हाच की हे नवऱ्याचं, कर चुकवायला तिथे ठेवलंय. खरंच तसं असतं पुष्कळदा, घोडबंदरकरांचंच बघा. (राग नको.) पण ज्या बाईने वीस वर्षं घर ओढलं तिचा त्या साठ लाखांत काहीच वाटा नाही? घरखर्चातून वाचवून केलेली भिशी, ती कोणाची?

करनाटक | संध्याकाळी ७:००

घरखर्चातून वाचवलेल्या किरकोळ शिलकीला कोर्टांनी पूर्वी सहानुभूतीने बघितलंय. माहेरून मिळालेलं, स्त्रीधन, वडिलांनी दिलेले पैसे, हे तर निर्विवाद तिचे. त्याचं उत्पन्न तिचंच. पण भिशीतून साठ लाखांचा फ्लॅट झाला असं सांगितलं तर अधिकारी पहिल्यांदा विचारेल की तुमच्या घरी रोज जेवत काय होते.

सुमती_सीवूड्स | संध्याकाळी ७:४०

हसू आलं, पण मुद्दा सोडत नाही. आता माझाच हिशोब सांगते, कारण यात घोडबंदरकरांनाही काही सापडेल.

२०१९ मध्ये मी मसाले सुरू केले. गोडा, मालवणी, आगरी. एक लाख लागले, त्यातले ६० हजार नवऱ्याचे, ४० हजार बाबांनी दिलेले. पहिल्या पूर्ण वर्षी नफा दीड लाख. नवऱ्याचं भांडवल साठ टक्के, म्हणून दीड लाखांतले ९० हजार त्याच्या रिटर्नमध्ये. तो म्हणाला, "मिरच्या तू भाजायच्या, ठसका मला."

पण मी नफा काढला नाही, मसाला कुटायचा डंख घेतला, पॅकिंगचं मशीन घेतलं. भांडवल दरवर्षी १ एप्रिलला मोजतात. यंदा १ एप्रिलला धंद्यात चार लाख होते. त्यात नवऱ्याचे अजून तेच ६० हजार, म्हणजे पंधरा टक्के. मग यंदा दीड लाख नफा झाला तरी त्याच्याकडे फक्त साडेबावीस हजार जाणार. त्याने दिलेले पैसे तेवढेच राहतात, माझे वाढत जातात. नफ्यावर त्याने कर भरला तरी नफा माझाच राहतो, आणि त्यातून पुढे जे होतं तेही माझंच.

हे मला कोणी समजावलं नाही. दोन रात्री वही घेऊन बसले तेव्हा कळलं.

प्राची_खारघर | संध्याकाळी ७:५५

सुमतीताई 👏 मी आमच्या दुकानाचा १ एप्रिलचा आकडा आत्ता काढते. आमच्याकडे अजून दरवर्षी पाऊणच धरतायत!

करनाटक | रात्री ८:२०

प्राचीताई, वरचं 'सीए चोख आहे' मागे घेतो.

आणि सुमतीताई, माझ्या आर्टिकलशिपच्या मुलांना शिकवायला याल का? मसाल्यावर भागवू.

कोपरीकर | २४ ऑगस्ट, सकाळी १०:१५

बायको-मुलं राहू द्या, आईवडिलांना दिलं की क्लबिंग नाही, हा सल्ला सगळीकडे मिळतो. बरोबरच आहे तो. मीही तेच केलं. त्याची दुसरी बाजू सांगतो.

२०१८ मध्ये आईच्या नावाने १२ लाखांची एफडी केली. वडील नव्हते. आईला दुसरं उत्पन्न नाही, ज्येष्ठ नागरिक म्हणून व्याजदर अर्धा टक्का जास्त, कर शून्य. बँकेने व्याजातून कर कापू नये म्हणून दरवर्षी पंधरा एच फॉर्म भरून द्यायचो. नॉमिनी मी. मस्त चाललं होतं.

२०२३ मध्ये आई गेली. पैसे माझ्या खात्यात आले आणि तेराव्याला भावाने विषय काढला, आईच्या एफडीचं काय करायचं. मी म्हटलं, अरे ते माझे पैसे. तो म्हणाला, पावतीवर नाव आईचं आहे ना? बहीण काही बोलली नाही, पण नाहीही म्हणाली नाही. वकिलाने सांगितलं, नॉमिनी म्हणजे फक्त सांभाळणारा, मालक नाही. मृत्युपत्र नसेल तर तिघांना सारखं. चार-चार लाख. वर्षाला पंचवीस हजार कर वाचवला आणि आठ लाख गेले.

भावाशी आता बोलणं आहे. पण गणपतीला त्याच्याकडे जातो तेव्हा हॉलमधल्या त्या मोठ्या टीव्हीकडे बघवत नाही.

निवृत्त_रोखपाल | सकाळी १०:४०

मृत्युपत्र एका पानाचं पुरलं असतं. पण आईला 'मृत्युपत्र कर' म्हणायला जीभ कोणाची उचलते?

कोपरीकर | सकाळी १०:४४

तेच.

ऐरोली_नाइटशिफ्ट | दुपारी १२:३०

माझं डिसेंबरमध्ये लग्न आहे. होणाऱ्या बायकोला आत्ताच काही दिलं तर?

करनाटक | दुपारी १:००

चांगला प्रश्न, आणि उत्तर तुमच्या बाजूने. क्लबिंगसाठी देताना आणि उत्पन्न येताना, दोन्ही वेळी नवराबायकोचं नातं लागतं. लग्नाआधी वाग्दत्त वधूला दिलेल्या शेअर्सबद्दल सुप्रीम कोर्टाने १९६३ मध्ये फिलिप जॉन प्लास्केट थॉमस प्रकरणात हेच म्हटलं. देताना ती बायको नव्हती, म्हणून क्लबिंग नाही.

पण एक खोच आहे. लग्नाआधी ती तुमची 'नातेवाईक' नाही. त्यामुळे वर्षात ५० हजारांच्या वर दिलं तर तिला त्या रकमेवर कर बसू शकतो. ऐन लग्नात मिळालेली भेट करमुक्त असते, साखरपुड्यातली नाही.

तलावपाळीचा_टवाळ | दुपारी १:०४

आणि लग्न मोडलं तर पैसे कोणात क्लब करायचे?

ऐरोली_नाइटशिफ्ट | दुपारी १:०६

काका 🙏

वागळे_वर्कशॉप | दुपारी २:२०

मला एक युक्ती सुचलीय. मी कोपरीकरांच्या मिसेसना दहा लाख द्यायचे, कोपरीकरांनी माझ्या मिसेसना दहा लाख. कोणी आपापल्या बायकोला दिलंच नाही!

करनाटक | दुपारी २:३५

ही युक्ती तुमच्या आधी साठ वर्षांपूर्वी सुचून गेलीय. केशवजी मोरारजी प्रकरण, सुप्रीम कोर्ट, १९६७. असं आडवळणाने, एकमेकांना बांधून केलेलं देणंघेणंही क्लबिंगमध्येच येतं असा निकाल. शिवाय कोपरीकरांनी आधीच आठ लाख घालवलेत, त्यांना सोडा.

मेधा_नेरूळ | दुपारी ३:१०

सुनेला दिलं तर? सासूबाई मला त्यांच्या एफडीतले पाच लाख देणार म्हणतायत.

करनाटक | दुपारी ३:३०

सुनेला दिलेल्या पैशाचं उत्पन्न देणाऱ्या सासूच्या किंवा सासऱ्याच्या उत्पन्नात. जावयाचं नाव मात्र कायद्यात नाही.

निवृत्त_रोखपाल | दुपारी ३:३३

म्हणजे जावयाचा मान सरकारनेही ठेवलाय.

सुमती_सीवूड्स | दुपारी ३:४१

सून घरची आणि जावई पाहुणा, हे कलमातसुद्धा? इतकी वर्षं कोणी बदललं नाही. आता नवा कायदा आलाय ना, त्यात तरी?

करनाटक | दुपारी ४:१५

या आठवड्यातच २०२५ च्या आयकर कायद्यावर राष्ट्रपतींची सही झालीय, १ एप्रिल २०२६ पासून लागू. भाषा सोपी केलीय, कलमांचे नंबर बदललेत. क्लबिंगचा गाभा तोच. सून आहे, जावई नाही.

मेधाताई, सासूबाईंचं उत्पन्न करपात्र मर्यादेच्या खालीच असेल तर क्लब होऊनही काही बिघडत नाही. घ्या बिनधास्त, फक्त एक साधं गिफ्ट डीड लिहून ठेवा.

घोडबंदरकर | २५ ऑगस्ट, रात्री ९:५०

दोन दिवस गावच्या तिकिटांच्या मागे होतो. सगळं वाचलं. सीएची माफी मागायला हवी असं दिसतंय. पण जीव जळतोय हो. साठ हजार मुद्रांक शुल्क वाचवायला गेलो आणि वर्षाला छप्पन्न हजार कर लागला. माझ्याच नावावर घेतला असता तर बरं झालं असतं.

प्राची_खारघर | रात्री १०:०५

घोडबंदरकर, एक मिनिट. तुमच्या नावावर घेतला असता तर भाड्यावर कर किती लागला असता?

घोडबंदरकर | रात्री १०:१२

५६,३४७.

प्राची_खारघर | रात्री १०:१३

मग?

घोडबंदरकर | रात्री १०:२०

...

तलावपाळीचा_टवाळ | रात्री १०:२१

या तीन टिंबांसाठी मी चार दिवस हा धागा वाचत होतो.

करनाटक | रात्री १०:५०

प्राचीताईंनी माझी फी वाचवली. तोटा काहीच झालेला नाही, मनात धरलेला फायदा झाला नाही एवढंच. मुद्रांक शुल्काचे साठ हजार खरोखर वाचलेत.

आता काय करायचं ते. यंदाचं रिटर्न अजून भरायचंय, त्यात भाडं तुमच्याकडे दाखवा. आयटीआर दोनमध्ये इतरांचं उत्पन्न दाखवायचं वेगळं परिशिष्ट आहे, तिथे पत्नीचं नाव आणि पॅन. मागच्या वर्षीचं, म्हणजे नोव्हेंबर २०२३ ते मार्च २०२४ चे पाच महिने, राहिलेत. १,१०,००० भाडं, तीस टक्के वजा जाता ७७,०००, त्यावर सेस धरून २४ हजारांच्या आसपास कर. त्यासाठी अद्ययावत रिटर्न भरता येतं. ३१ मार्च २०२६ च्या आत भरलंत तर कर अधिक व्याज, आणि त्या बेरजेवर पंचवीस टक्के जादा. त्यानंतर पन्नास टक्के. नोटीस येण्याची वाट बघू नका.

आणि सुमतीताईंची मसाल्याची वही तुमच्या फ्लॅटलाही लागू आहे. भाडं क्लब होतं, पण भाड्याचे पैसे तिचेच राहतात. ते तिच्या वेगळ्या खात्यात साठवून एफडी केली तर त्या एफडीचं व्याज तिचं, तुमच्यात येत नाही. वर्षाचे २,६४,००० सात टक्क्यांनी ठेवले तर पुढच्या वर्षी १८,४८० रुपये निव्वळ तिचं उत्पन्न. दरवर्षी भर पडत जाईल. कर तुम्ही तुमच्या खात्यातून भरा, तिच्या खात्यातून नको. मात्र ते खातं घरखर्चाला वापरलंत, तुमचे पैसे त्यात टाकलेत, की दाणे आणि खडे वेगळे करत बसावं लागेल.

सुमती_सीवूड्स | रात्री ११:०२

आणि ते खातं तिला उघडू द्या. ओटीपी तिच्या फोनवर.

घोडबंदरकर | ३१ ऑगस्ट, रात्री १०:३०

अपडेट देतो. पाच दिवसांचे गणपती होते, आजच विसर्जन करून आलो, आवाज बसलाय म्हणून टाइप करतोय.

सीएकडे जाऊन आलो. मागच्या वर्षीचं अद्ययावत रिटर्न भरायला दिलंय. बायकोला घेऊन गेलो होतो, कारण तिने परवा हा अख्खा धागा वाचला (कोणी लिंक पाठवली कळत नाही, टवाळ, तुमच्यावर संशय आहे). सीएने तिला सगळं पुन्हा समजावलं. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे भाडं माझं, भाड्याचं व्याज माझं, कर ह्यांचा. मग हा कायदा वाईट कुठे आहे?"

सीए चष्मा पुसत बसला.

सोमवारी ती एकटीच बँकेत जाणार आहे. घरखर्चाची बाकी माझ्या पगारातून चालवायची, असं मला कळवण्यात आलंय.

तलावपाळीचा_टवाळ | रात्री १०:३४

लिंक मी नाही पाठवली. आमच्या हिने पाठवली.

मी_फक्त_वाचक | रात्री ११:५९

पहिल्यांदाच लिहितोय. भाडेकरूची एक लाख अनामत रक्कम बायकोच्या खात्यात आहे, तिचं व्याज कोणाचं?

करनाटक | १ सप्टेंबर, सकाळी ६:५०

१५ तारखेनंतर विचारा.